कडावच्या सरपंचांचा करुण अंत

सोमवार, ता. २० फेब्रुवारी १९७८. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी कडावचे सरपंच धर्माजी ऐनकर यांना आपण वारल्याचे कळले.

त्या वेळी ते पदूच्या हॉटेलात बाकावर मांडी घालून चहा पीत होते. कडावात आमच्या दैनिकाचा एकच अंक येतो, तो पदूकडे. पदू तो गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवतो, त्यामुळे दुसऱ्या अंकाची गरज आजवर कोणाला भासलेली नाही. त्याने आधी भाताचे भाव वाचले, मग अपघात, मग तालुका. तालुक्याच्या चौथ्या बातमीवर तो थांबला.

“फुडं वाच की,” धर्माजी म्हणाले.

“धर्माजी ऐनकरांचा करुण अंत झाला म्हनतोय.”

“कुठला धर्माजी?”

“कडावचा. सरपंच.”

“म्हंजी मीच की रं. कवा?”

“काल.”

धर्माजींनी बशीतला उरलेला चहा संपवला आणि आणखी काय लिहिले आहे ते विचारले. उपस्थितांना अश्रू आवरले नाहीत, असे पदूने वाचले. ही ओळ त्यांना बरी वाटली असावी, कारण ती त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग उपस्थित कोणकोण होते याची चौकशी केली. तेवढे छापलेले नव्हते.

ही बातमी मी दिली होती. अठरा वर्षे मी या दैनिकाचा कर्जतचा वार्ताहर आहे, आणि इतक्या वर्षांत माझ्या नावावर लागलेली ही तिसरी चूक. आधीच्या दोन्हींत कोणी मेले नव्हते. म्हणून हा प्रकार कसा घडला ते, कोणाचीही भीड न धरता, क्रमाने सांगणे मला भाग आहे.

आमच्या भागात भाताची झोडणी आटोपली की नाटके सुरू होतात. त्या हंगामात मी तेरा नाटकांच्या बातम्या दिल्या. तेरा नाटकांत मिळून एकही माणूस धड मेला नाही. विष प्यालेला उलटी करून उठे. गोळी खिशातल्या आईच्या तसबिरीला लागे. सावकार तिसऱ्या अंकात सुनेच्या पाया पडे, आणि मग जे मेले होते तेही सगळे पडद्यापुढे येऊन एक विनोदी प्रवेश करून दाखवत. तेरावे नाटक पाहून कळंबहून परत येताना मी ठरवले की या तालुक्याला एक खरी शोकांतिका दाखवल्याशिवाय लोकांना काही कळणार नाही. माझ्या मनात स्वतःच्या नावलौकिकाचा विचार नव्हता. जाहिरातीवर माझे नाव मोठ्या टाइपात आले ते छापखान्यात लहान टाइप शिल्लक नव्हता म्हणून.

वाचनालयात या विषयावर एक जाड पुस्तक आहे. माझ्याआधी ते एकोणीसशे एकसष्ट साली एकाने नेले होते आणि दुसऱ्या दिवशी परत केले होते. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या लोकांनी घालून दिलेले नियम त्यात आहेत. नायक मोठ्या योग्यतेचा हवा. त्याच्या स्वभावात एकच दोष हवा, आणि त्या दोषापायीच तो खाली यावा. त्याचे पतन पाहून लोकांना भीती आणि करुणा वाटावी. घरी परतताना त्यांची मने धुतल्यासारखी व्हावीत. इतके साधे आहे. ग्रीस देशात हे शेतकऱ्यांनाही समजत असे.

मोठ्या योग्यतेचा माणूस शोधायला मी निघालो आणि तालुक्याची खरी स्थिती माझ्या ध्यानात आली. तहसीलदारांचे पतन होण्याआधी बदली होते. आमच्या डॉक्टरांत दोष पुष्कळ आहेत, पण नियमाप्रमाणे एकच लागतो. आमचे शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड आहेत. नायक गार्ड असावा, असे त्यांनी सुचवले, आणि स्वतःच्या नोकरीतल्या चार घटना सांगितल्या. चारही घटनांत चूक ड्रायव्हरची होती. स्वतःचा दोष ज्याला सापडत नाही तो माणूस शोकांतिकेच्या काय कामाचा?

शेवटी मला धर्माजी आठवले. भाताची गिरणी, चाळीस खंडी भात पिकवणारी जमीन, तीनदा सरपंच, आवाज असा की बोलायला लागले की गिरणीचा पट्टा फिरतोय की नाही ते कळू नये. आणि दोष एकच. एकुलती एक मुलगी जना, लग्न होऊन खालापूरजवळ कुंभिवलीला दिलेली, आणि लग्नाच्या दिवसापासून धर्माजी तिच्याशी एक अक्षर बोललेले नव्हते. नऊ वर्षे. कुंभिवली कडावपासून तीस किलोमीटरही नाही. जना माहेरी येत नव्हती, आणि तिचे नाव घरात निघाले की धर्माजी उठून गिरणीत जात. ग्रीकांना याहून अधिक काही मिळाले असेल असे मला वाटत नाही.

आता हेतू. माणूस काय करतो ते दिसते. का करतो ते शोधावे लागते. बातमीदाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. मी कडावात तीन दिवस चौकशी केली. पदू म्हणाला, पोरीनं मनाजोगं लगीन केलं. हे खोटे, जावई चंदर धर्माजींनी स्वतः निवडलेला. दूध डेअरीत फॅट मोजणारा हिरू म्हणाला, जमिनीचं काहीतरी असणार, सगळ्यांचं तेच असतं. गावात मिळून अकरा कारणे निघाली. शेवटी मी धर्माजींच्या बायकोला, येसूबाईंना, विचारले. त्या तांदूळ पाखडत होत्या.

“हसली ती,” त्या म्हणाल्या.

प्रकार असा. लग्नाच्या आदल्या महिन्यात धर्माजींनी दारात गोबरगॅसचा खड्डा बांधला. या पट्ट्यातला तो पहिला. वऱ्हाड कुंभिवलीहून आले तेव्हा पानसुपारीच्याही आधी ते सगळ्यांना खड्डा दाखवायला घेऊन गेले, काठावर उभे राहून माहिती सांगू लागले, आणि सांगता सांगता आत गेले. छातीपर्यंत. वऱ्हाड्यांनी तोंडे फिरवली. गावकऱ्यांनी जमिनीकडे पाहिले. मुंडावळ्या बांधलेली जना ओट्यावर उभी होती, ती हसली. एकदाच. धर्माजींनी अंघोळ केली, दुसरे धोतर नेसले, कन्यादान केले, आणि तेव्हापासून बोलले नाहीत.

मी हे वहीत लिहून घेतले आणि घरी येऊन खोडले. असल्या क्षुल्लक कारणावर तीन अंक उभे राहत नाहीत. शोकांतिकेत शेणाचा खड्डा चालत नाही. मी नायकाचे नाव आबासाहेब ठेवले आणि त्याला योग्य असा हेतू दिला: जमिनीच्या दाव्यात मुलगी कोर्टात बापाविरुद्ध खरी साक्ष देते, बाप दार बंद करतो, ती दाराबाहेर टाहो फोडते, तो दार उघडत नाही. शेवटी एकटा, पाणी पाणी करत प्राण सोडतो. नाटकाचे नाव ‘अभिमानाचा अस्त’.

कडावात प्रयोग करायचा तर परवानगी लागते. संहितेच्या तीन प्रती घेऊन मी तहसील कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनांनी पहिले पान आणि शेवटचे पान वाचले.

“हा मरणारा कडावचा आहे का?” त्यांनी विचारले.

मी सांगितले की तो काल्पनिक आहे.

“काल्पनिक असल्याचा दाखला जोडा,” ते म्हणाले.

मी वाद घातला नाही. कचेरीत वाद घालणाऱ्यांच्या बातम्या मी दिलेल्या आहेत. कारकुनांचे म्हणणे असे की असा इसम गावात नाही हे गावच्या सरपंचाने लिहून द्यावे. म्हणजे मला धर्माजींकडेच जावे लागले. मी त्यांना आबासाहेबांचा स्वभाव थोडक्यात सांगितला: मानी, हेकट, पोटच्या पोरीला दार न उघडणारा. धर्माजींनी शांतपणे ऐकले आणि पंचायतीच्या कागदावर लिहून दिले की अशा वर्णनाचा कोणीही इसम मौजे कडाव येथे राहत नाही व पूर्वीही राहत नव्हता. खाली सही आणि शिक्का. वर मला म्हणाले की असली माणसे असतात हे ऐकून वाईट वाटले.

तालमी हिरूच्या खळ्यावर झाल्या. आबासाहेबाचे काम हिरूकडेच होते. आमच्याकडे तालीम ही गुप्त गोष्ट नसते. भाकऱ्या टाकून झाल्या की सारे गाव खळ्यावर येऊन बसते. त्यामुळे प्रयोगाच्या दिवसापर्यंत नाटक सगळ्यांना पाठ असते आणि त्यात काय चुकले आहे त्याबद्दल एकमत झालेले असते. पहिल्याच संध्याकाळी अंबूबाई नावाच्या म्हातारीने विचारले की पुढचे दार बंद आहे तर पोर मागच्या दाराने का येत नाही. मी मागच्या दाराला पेंढ्याची गंजी लावली. दुसऱ्या दिवशी चौघे म्हणाले की गंजी हलवायला कितीसा वेळ लागतो. मी गंजीच्या जागी भिंत घातली. तेव्हा असे ठरले की ज्या घराला मागचे दार नाही त्या घरात पोरगी द्यायलाच नको होती. ती दिलेली नाही, तिथे ती जन्मली आहे, हे मी दोनदा सांगितले. लोकांनी माझ्याकडे दयेने पाहिले. नियमाप्रमाणे ही दया नायकाला मिळायला हवी होती.

मुलीच्या कामासाठी पनवेलहून बाई आणली होती. तिने दाराबाहेर टाहो फोडण्याच्या जागी एक पद घातले, कारण तिला त्या बोलीवर आणले होते. नायक दार का उघडत नाही याचा त्यामुळे थोडाफार उलगडा झाला, पण तो मला अभिप्रेत असलेला नव्हता.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. माझे बातम्यांचे पाकीट कर्जतहून दुपारी सव्वातीनच्या गाडीने जाते. सभा, सत्कार, उद्घाटने संध्याकाळी होतात. सबब संध्याकाळी जे होणार ते मी दुपारी लिहितो. ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ हे लिहायला कार्यक्रम पार पडावा लागत नाही. सगळे वार्ताहर असेच करतात. जे नाही म्हणतात त्यांच्या बातम्या एक दिवस उशिरा येतात. ‘अभिमानाचा अस्त’चा प्रयोग रविवारी दुपारी चारला लावला होता, कारण भाड्याचे जनरेटर कळंबच्या लग्नाला गेले होते आणि अंधार पडल्यावर कडावच्या विजेचा भरवसा कोणी देईना. तेव्हा दोन वाजता मी घरी बसून चौदा ओळी लिहिल्या. सरपंच श्री. धर्माजी ऐनकर अध्यक्षस्थानी होते, नाटकात एका मानी बापाचा पाण्यावाचून करुण अंत झाला, उपस्थितांना अश्रू आवरले नाहीत, आणि लेखकाच्या भेदक दृष्टीचे सर्वत्र कौतुक झाले. पाकीट दिले आणि आमच्या सौ.सह कडावला गेलो.

पहिले दोन अंक पडले असे मी म्हणणार नाही. ते झाले. तिसऱ्या अंकात आबासाहेब एकटे, खाटेवर, अंगात ताप. दारे बंद. “पाणी,” हिरू म्हणाला. “कोणी आहे का? पाणी.” या जागी पूर्ण शांतता हवी, असे मी संहितेत लिहिले होते. माणसाने ज्यांना दूर लोटले त्यांपैकी कोणीच उरलेले नाही, हे त्या शांततेतून कळायचे होते. शांतता सुमारे चार सेकंद टिकली. मग मागच्या रांगेतून येसूबाईंनी तांब्या उचलला, पुढच्याला दिला, त्याने पुढच्याला, आणि तो हातोहात रंगमंचावर पोचला. अध्यक्षांची खुर्ची मंचाच्या कडेलाच होती. धर्माजी उठले, तांब्या घेतला, आणि हिरूच्या तोंडाला लावला.

हिरू दुपारपासून दाढीमिशा लावून शालीत गुंडाळलेला होता. तो सगळा तांब्या प्याला. मग त्याने ढेकर दिला.

पाणी मिळालेला माणूस मरत नाही, असे कडावचे मत आहे. हिरूने पुढे तीन वेळा मरायचा प्रयत्न केला, पण प्रेक्षक उठून घोंगड्या झटकू लागले होते. एवढा हशा मी कुठल्याही प्रहसनाला ऐकलेला नाही. माझ्या शेजारी आमच्या सौ. पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलतो. यात मानापमानाचा काही संबंध नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

अध्यक्षीय भाषणात धर्माजी म्हणाले की नाटक फार चांगले होते, असला आडमुठा माणूस त्यांनी पाहिलेला नाही, आणि तो आपल्या गावात नाही ही गावाची पुण्याई.

रात्री मुंबईत उपसंपादकाला चार ओळींची जागा भरायची होती. त्याने माझ्या चौदा ओळींतून चार काढल्या. नाटक काढले, लेखक काढला, बाप काढला. अध्यक्ष आणि करुण अंत ठेवला. माणूस वाईट नाही; त्याच्यापुढे तीस पाकिटे असतात.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मला कळले. मी पोस्टातून मुंबईला ट्रंक कॉल लावला. दीड तासाने लागला. उपसंपादक म्हणाला की दुरुस्ती जरूर छापू, पण तुमच्या शब्दावर एकदा छापून बसलो आहोत. संबंधितांच्या हयातीचा दाखला पाठवा. मी ताबडतोब कडावला निघालो. वाटेत शाळेची मुले भेटली. हेडमास्तरांनी दुखवट्याची सुट्टी दिली होती. दिल्यावर तासाभराने धर्माजी स्वतः शाळेवरून गिरणीकडे गेले, पण मुले घरी गेलेली होती आणि जाहीर झालेली सुट्टी मागे घेण्याची तरतूद नाही.

धर्माजी ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी दाखल्याचे सांगितले. मी जिवंत आहे हे मी कागदावर का लिहून देऊ, असा त्यांचा प्रश्न होता. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावे. शिवाय हयातीचा दाखला देण्याचा अधिकार गावात सरपंचाचा, आणि स्वतःचा दाखला स्वतः देणे बरे दिसत नाही. मी त्यांना समजावत असतानाच, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, वेशीकडून रडणे ऐकू आले.

आमच्या भागात मयताच्या घरी येणारी बाई वेशीपासून गळा काढते. गेलेल्याशी ती थेट बोलते, एरवी कधी न केलेल्या एकेरीत, आणि जे आयुष्यभर सांगायचे राहिले ते घर येईपर्यंत सांगते. हे रडणे मध्ये तोडत नाहीत. आवाज जनाचा होता. कुंभिवलीच्या नाक्यावर नऊ वाजता पेपर पोचतो; चंदरने तो वाचला होता. बरोबर तो होता, आणि त्यांची सहा वर्षांची भागी, जिने आजोबांना त्याआधी कधीच पाहिले नव्हते.

वाटेवर निदान चाळीस माणसे होती. सगळ्यांनी सकाळपासून धर्माजींना चालताना, बोलताना, चहा पिताना पाहिले होते. एकानेही जनाला थांबवले नाही. उलट दारादारांतून बायका निघाल्या, तिच्या खांद्याला खांदा लावला आणि रडू लागल्या. अंबूबाई तर आदल्या रात्री धर्माजींच्याच घरी जेवली होती. पुढे मी तिला याचा जाब विचारला. ती म्हणाली, पोर एकटी रडत जाईल तर गावाला काय म्हणतील.

“माज्या बाबा रं,” जना म्हणत होती, “एकदा हाक मारायची व्हतीस रं. दर गनपतीला मी येशीपत्तुर येऊन माघारी ग्येले रं. कुनाला सांगितलं नाय रं. हसले म्हून बोलला नायस. अरं, तुजा फेटा बदकावानी तरंगत चालला व्हता रं बाबा, म्हून हसले. तुला नव्हते हसले रं.”

बायकांच्या रडण्यात या जागी थोडी गडबड झाली. दोघीतिघींचे खांदे हलत होते ते रडण्याने नव्हे. ओट्यावर धर्माजींचा अडकित्ता थांबला होता. येसूबाई दारात उभ्या होत्या, कपाळावर कुंकू, आणि त्यांनी पुढे होऊन काहीही सांगितले नाही. गावात गेल्या नऊ वर्षांत झालेले हे सर्वांत मोठे कारस्थान होते आणि ते कोणी रचलेले नव्हते.

अंगणाच्या कडेला येऊन जनाने मान वर केली. बाप समोर बसलेला. बंडी घातलेली, तोंडात सुपारी. रडणे थांबले. वहीतली नोंद: एक वाजून बावीस मिनिटे. पुस्तकात या क्षणाला मोठे नाव आहे. सत्य एकदम उघडे पडते आणि माणूस हादरतो. जनाने बापाकडे पाहिले, बायकांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ती हसली. पुन्हा. पोट धरून, वाकून, डोळ्यांतले पाणी थांबलेले नसताना.

धर्माजींनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

“येशीवर काय म्हनत व्हतीस त्ये नीट ऐकू आलं नाय,” ते म्हणाले. “पुन्यांदा म्हन.”

जनाने तोंड पुसले. “मेल्यावर ऐका.”

“मेलोच हाय की. पेपरात हाय.”

“मग मेल्यावानी गप ऱ्हावा.”

ती त्यांच्या शेजारून आत गेली. नऊ वर्षांनंतरचे संभाषण एवढेच. मी मुद्दाम पूर्ण देत आहे, कारण गावात त्याच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्या फिरत आहेत आणि त्यांपैकी एकीत धर्माजी रडल्याचे म्हटले आहे. ते रडले नाहीत. मी तीन फुटांवर होतो.

चंदर पाळीवर जायचे म्हणून संध्याकाळी परत गेला. जना आणि भागी राहिल्या. वाटाघाटी येसूबाईंमार्फत सुरू झाल्या. धर्माजींचे म्हणणे, आधी तिने वेशीवरचे पुन्हा म्हणावे, सगळे, गणपतीचे सुद्धा. जनाचे म्हणणे, आधी बापाने नावाने हाक मारावी. ‘पुन्यांदा म्हन’ यात नाव नव्हते, असे तिने दाखवून दिले, आणि ते खरे आहे. नऊ वर्षे अडलेली गोष्ट एका दोन अक्षरी नावापाशी येऊन उभी राहिली, आणि दोघेही तिथून मागे हटेनात. गावाने सल्ला दिला. पदूने सुचवले की एकाच वेळी दोघांनी बोलावे, तीन म्हटले की. हिरूने सुचवले की धर्माजींनी भागीला हाक मारताना चुकून आईचे नाव घ्यावे. धर्माजी म्हणाले, आपण चुकत नाही.

मंगळवारी मी हयातीच्या दाखल्यासाठी कचेरीत गेलो. सरपंच स्वतःचा दाखला देणार नाही म्हटल्यावर तो वरून घ्यावा लागतो. त्याच कारकुनांनी कडावची फाइल काढली. त्यात धर्माजींच्याच सहीशिक्क्याचा कागद होता: लेकीला दार न उघडणारा कोणीही मानी इसम मौजे कडाव येथे राहत नाही. कारकुनांनी सोमवारची सगळी हकिकत ऐकलेली होती. वर्णन तंतोतंत जुळते, ते म्हणाले. हा इसम गावात नाही असे सरपंच लिहून देतात, आणि तो हयात आहे असे तुम्ही म्हणता. खुलासा करा. मी खुलासा तीन प्रतींत दिला. तो वर गेला आहे.

बुधवारी आमचे गार्ड शेजारी मला म्हणाले की तुमचे नाटक छान झाले म्हणे, बापलेक एकत्र आली. मी त्यांना स्पष्ट सांगितले की ते नाटक माझे नव्हते. माझ्या नाटकात मुलगी कोर्टात साक्ष देते, नायक नियमाने मरतो, आणि फेटा तरंगत नाही. यांच्याकडे दुःख येते तेसुद्धा शेणातून वाट काढत येते, आणि हे लोक त्याला तांब्याभर पाणी पाजून परत पाठवतात. अशा मंडळींना शोकांतिका दाखवणे म्हणजे श्रम फुकट. त्यांना भीतीही वाटत नाही आणि करुणा कोणाला द्यायची ते तेच ठरवतात.

आज गुरुवार. खुलाशावर सरपंचांची सही हवी म्हणून तो वरून परत आला, त्यासाठी मी कडावला आलो आहे. सकाळी भाकरीवरून काहीतरी झाले आणि जनाने पिशवी भरली. अडीचच्या एसटीने जायचे ठरले. धर्माजी तिच्याआधी वीस मिनिटे निघाले आणि स्टँडवर जाऊन उभे राहिले. गाडी वेळेवर आली. जना चढली, भागी खिडकीपाशी बसली. धर्माजी गाडीच्या पुढे गेले आणि ड्रायव्हरला रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल विचारू लागले. मग त्यांनी पुढचे टायर पाहिले, मागचे पाहिले, पुन्हा पुढे आले. सरपंच गाडीपुढे उभे असताना गाडी हलवायची कशी, हे ड्रायव्हरला कळेना. कंडक्टरने दोनदा घंटी दिली.

तीन वाजून चार मिनिटांनी धर्माजी बाजूने तिसऱ्या खिडकीपर्यंत आले. त्यांनी गजाला हात लावला आणि तोंड उघडले. त्याच वेळी कंडक्टरने तिसरी घंटी दिली, ड्रायव्हरने इंजिन सुरू केले, आणि काय म्हटले ते मला ऐकू आले नाही. जनाचे तोंड मला इथून दिसत नाही. पदू जवळ उभा होता. त्याला विचारले तर तो म्हणतो, दोन अक्षरे होती, पण ‘जना’ की ‘जा ना’ यावर तो शपथ घेणार नाही.

आता तीन वाजून अकरा मिनिटे झाली आहेत. धर्माजींचा हात गजावर आहे, इंजिन चालू आहे, गाडी उभी आहे. आतल्या एकाही उतारूने अजून तक्रार केलेली नाही.